चासी न कापता पहिली कस्टम गाडी

माझ्या पहिल्या गाडीचा मी आधी रंग करून घेतला. टाकी, चासी, साइड पॅनेल सगळं चकचकीत झालं आणि मग जोडणी सुरू केली. हेडलाइटला पट्ट्या हव्यात, बॅटरीला डबा हवा, मागच्या लूपला (सीटमागे फिरणाऱ्या गोल नळीला) कान, म्हणजे बोल्टसाठी भोकाच्या पट्ट्या, हव्यात, असं एकेक लक्षात येत गेलं. प्रत्येक कानासाठी वेल्डिंग, आणि प्रत्येक वेल्डिंगला वीतभर रंग जळालेला. चौथ्या टाक्यानंतर गाडीवर ताडपत्री टाकली ती आठ महिने काढली नाही. घरी सुरू झालेल्या कस्टम गाड्या बहुतेक अशाच मधल्या टप्प्यावर अडकतात. तोपर्यंत गाडी इतकी कापलेली असते की मागे फिरता येत नाही, आणि पुढे जायला पैसे किंवा उमेद उरलेली नसते.

म्हणून नवख्याने दोन नियम पाळावेत असं माझं ठाम मत आहे. बोल्टने बसेल ते चासीला वेल्ड करायचं नाही. आणि रंग सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला मी हीरो होंडा स्प्लेंडर घेतो. १९९४ साली आलेली ही ९७.२ सीसीची गाडी, आणि तिच्या आधीची १९८५ची सीडी १००, महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सुट्या भागांसकट मिळते. आरएक्स १०० किंवा यझ्दीचं वेड मलाही आहे, पण त्यांचे भाग महाग झालेत आणि चुकून एखादा मोडला तर जीव हळहळतो. हात स्प्लेंडरवर बसू द्या. आपण करणार आहोत ती स्क्रॅम्बलर धाटणीची गाडी: सरळ बैठी सीट, रुंद उंच हँडल, आखूड पुढचा मडगार्ड, ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर आणि मागे हाताने बनवलेला लूप.

आधी कागद, मग गाडी

चालू गाडी घ्या. "इंजिन फक्त उघडून ठेवलंय, सगळे पार्ट आहेत" असं सांगून पोत्यातून दिलेली गाडी घेऊ नका. पोत्यात नेमकं काय नाही हे कळायला तीन महिने जातात.

आरसी बुक हातात घेऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. चासी नंबर स्टिअरिंगच्या गळ्यावर ठोकलेला असतो. त्यावर ग्रीस आणि रंगाचे थर असतील तर घासलेटात भिजवलेल्या फडक्याने पुसा. तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर कधीच लावायचा नाही. एक आकडा पुसट झाला तरी पुढे कटकट तुमचीच. बँकेचा बोजा उतरलाय का, चलनं थकली आहेत का हे पाहा. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का तेही पाहा. पुढे ते दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्या वेळी गाडी आरटीओत दाखवावी लागते.

कायदा इथेच सांगतो, कारण त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक निर्णयावर होतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकणं किंवा चासी कापून आखूड करणं तुम्हाला थेट या कलमात नेऊन बसवतं. रंग बदलायचा असेल तर आरटीओत त्याची नोंद करा. पुढचा अख्खा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा संच) बदलायचा असेल तर कापाकापीच्या आधी तिथे लेखी विचारा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ही वाचून ठेवा: मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो ते हेच. चासी न कापण्याचं एक कारण हेसुद्धा आहे. उद्या कुणी मूळ रूपात आणायला सांगितलं तर रविवारच्या एका दुपारी सगळं परत बसवता आलं पाहिजे. त्यासाठी काढलेला एकही मूळ भाग भंगारात घालू नका.

हत्यारं

८, १०, १२, १४ चे टी पाने आणि रिंग पाने, एलन की, चांगली पक्कड, ४ इंची ग्राइंडर, ड्रिल, कानस, हॅकसॉ, मल्टिमीटर. यात दोन गोष्टी लोक टाळतात आणि नंतर रडतात. पहिली व्हर्नियर कॅलिपर. फिरत्या भागाचं माप टेपने घ्यायचं नसतं. दुसरी इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर फिरणारा. इंजिनच्या झाकणाचे स्क्रू जपानी पद्धतीच्या फुलीचे असतात. साधा चौफुली स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो.

वेल्डिंग मशीन विकत घेऊ नका. घरी मोजायचं, कापायचं, कानस मारायची. टाके आणि लेथकाम अनुभवी माणसाकडून करून घ्यायचं. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर आहे, पुण्यात सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. तुमच्या गावातही ट्रॅक्टरची कामं करणारा एखादा लेथवाला असतोच. त्याला गाडीची गोष्ट सांगत बसू नका, कागदावर मापं लिहून न्या. कागद घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं काम आधी होतं, हा माझा अनुभव आहे.

उघडताना

प्रत्येक बोल्ट काढण्याआधी फोटो. बोल्ट धुतलेल्या दुधाच्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी. वायरच्या प्रत्येक जोडावर मास्किंग टेप आणि नाव. इंजिन चांगलं चालत असेल तर ते उघडू नका. ऑईल बदला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि क्लच केबल बघून घ्या, बस्स. पहिल्या गाडीत एका वेळी एकच आघाडी उघडायची.

उंची, टायर आणि पुढचा भाग

गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर लावा आणि दहा-बारा फुटांवरून, सीटच्या उंचीवरून, बरोबर बाजूने फोटो काढा. त्यावर पेनने नवी सीट, हँडल, लूप काढून बघा. टाकीच्या खालच्या कडेची रेषा मागे नेली की सीटचा तळ तिच्यावरच यायला हवा. ही एक रेषा जुळली तर साधी गाडीही देखणी दिसते.

पुढची उंची कमी करायला फोर्कच्या नळ्या वर सरकवण्याचा मोह होतो. स्प्लेंडरच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास आहे. पुढून २५ मिमी खाली घेतलं की फोर्कचा कल साधारण एका अंशाने उभा होतो. ऐकायला कमी वाटतं, पण हँडल हलकं झाल्याचं वेगात लगेच जाणवतं. स्क्रॅम्बलरला खाली घ्यायची गरजही नाही.

टायर मूळ २.७५-१८ मापाचे. मागे ३.००-१८ बसतो. त्याहून जाड हवा असेल तर रुंद रिम लागते, मग टायर चेनला घासतो, मग स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बाहेरच्या बाजूला सरकवावं लागतं, आणि एका टायरपायी अर्धी गाडी बदलावी लागते. ३.०० वर थांबा.

पुढे डिस्क ब्रेक हवा असेल तर (आणि आरटीओने हरकत घेतली नसेल तर) सुटे भाग गोळा करू नका. एकाच गाडीचा अख्खा संच घ्या: वरची आणि खालची टी (नळ्या धरणारे आडवे तुकडे), दोन्ही नळ्या, चाक, आस, कॅलिपर, होज, मास्टर सिलिंडर. मास्टर सिलिंडर एका गाडीचा आणि कॅलिपर दुसऱ्याचा घेतला तर लिव्हर दगडासारखा कडक तरी होतो, नाहीतर मुठीपर्यंत येतो. घेण्याआधी व्हर्नियरने तीन मापं जुळवा: स्टिअरिंगच्या गळ्याची लांबी, कोनसेटच्या (गळ्यातल्या स्टिअरिंग बेरिंगच्या) वरच्या आणि खालच्या वाट्यांचा व्यास, आणि टीच्या दांड्याची जाडी. "सगळं सेम असतं" या वाक्यावर पैसे देऊ नका. दांडा बदलून प्रेस करायची वेळ आली तर तो संच सोडून द्या. स्टिअरिंगचा दांडा नवख्याने बनवून घ्यायची वस्तू नाही.

चाक मधोमध येण्यासाठी स्पेसर लेथवर करून घ्यावे लागतात. हिशेब सोपा आहे. फोर्कच्या दोन आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, त्यातून हबची बेरिंगपासून बेरिंगपर्यंतची रुंदी वजा करा. उरते ती दोन्ही स्पेसरची बेरीज. कुठल्या बाजूला किती हे रिम मधे आणून ठरवायचं. स्पेसर बेरिंगच्या आतल्या कड्यावरच टेकला पाहिजे. बाहेरच्या कड्याला लागला तर आस आवळताच चाक जाम होतं.

ड्रम ब्रेकच ठेवणार असाल तर एका गोष्टीकडे जिवापाड लक्ष द्या. ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या नळीवरच्या गुट्ट्यात बसते, आणि मागे तेच काम टॉर्क रॉड करतो. ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून ही अडवणूक असते. चाक किंवा फोर्क बदलताना ही खाच कशातच बसलेली नाही अशा गाड्या मी रस्त्यावर पाहिल्यात. जोरात ब्रेक लागला की प्लेट फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक जागच्या जागी अडकतं.

हाताने बनवायचे भाग

खरा आनंद इथे आहे.

लूप म्हणजे सीटच्या मागे गोलाकार फिरणारी नळी. लोक चासीच्या मागच्या दोन नळ्या कापून तिथे लूप वेल्ड करतात. आपण तसं करायचं नाही. स्प्लेंडरच्या मागच्या टोकाला मूठ आणि मडगार्डची मूळ भोकं आहेत. लूप त्यांच्यावर बोल्टने बसवायचा आणि तोच मागच्या माणसाची मूठ म्हणून वापरायचा. १९ किंवा २२ मिमी बाहेरच्या व्यासाची, २ मिमी जाड भिंतीची काळी, म्हणजे जस्त न चढवलेली लोखंडी नळी घ्या. पाण्याची जीआय नळी नको: तिच्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, त्या धुराने अंगात ताप भरतो आणि टाकाही कच्चा राहतो.

आधी जाड तारेचा लूप वाकवून गाडीवर धरा, मनासारखा झाला की जमिनीवर खडूने उतरवा. रेलिंगची कामं करणाऱ्याकडे पाइप बेंडर असतो, त्याच्याकडे तो आकार न्या. गरम करून वाकवणार असाल तर नळीत वाळू ठासून भरतात, म्हणजे वाकताना नळी चपटी होत नाही. ही वाळू आधी तव्यावर भाजून कोरडीठाक केलेली हवी. ओल राहिली तर वाफ कोंडून लाकडी बूच गोळीसारखं सुटतं.

लूपचे कान ५ मिमी पट्टीचे, बोल्ट ८ मिमीचे, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा लिहिलेले. गाडीवर फक्त दोन-तीन टाके मारून जागा पक्की करायची, मग लूप काढून पूर्ण वेल्डिंग टेबलावर. गाडीवर टाका मारण्याआधी बॅटरी आणि सीडीआयची (ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीची) जोडणी काढा आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेरिंगमधून जातो. टाकी तर गाडीपासून लांबच असली पाहिजे. गळकी टाकी असेल तर "रिकामी आहे, मार टाका" असं कुणाला म्हणू नका. पेट्रोलपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त भयंकर असते.

लूप बसला की ही चाचणी करा. मागचे दोन्ही शॉकअप काढा. शॉकअप पूर्ण दाबला जातो तेव्हा त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर किती राहतं ते काढा, तेवढ्या अंतरावर दोन भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या त्या जागी लावा. आता चाक सगळ्यात वर आहे. टायर आणि लूप, सीट, वायर, नंबर प्लेटचे बोल्ट यांच्यामध्ये बोटभर जागा आहे का पाहा. मी ही चाचणी न करता गाडी चालवली होती. पहिल्याच मोठ्या गतिरोधकावर मागे बसलेल्या मित्रासकट टायर वर आला आणि मागच्या दिव्याच्या वायर कापून गेला.

सीटचा तळ पत्र्याचा करता येतो, पण नवख्याला फायबर सोपं जातं. चासी आणि टाकीची मागची कड प्लॅस्टिकने झाका, वर चिकटपट्टी, वर मेण. त्यावर चॉप मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) तीन-चार थर रेझिनमध्ये भिजवत लावा. इथे थांबून नीट वाचा. दुकानात तीन बाटल्या मिळतात: रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर, आणि दोन्हींना वेगवेगळे चमचे. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. काम उघड्यावर करा, हातमोजे आणि चष्मा घालून. घट्ट झाल्यावर कडा कापताना मास्क लावा, काचेची धूळ छातीत बसते.

तळावर रिबॉन्ड फोम चिकटवा आणि ग्राइंडरच्या पॉलिश डिस्कने हलक्या हाताने आकार द्या. सुरुवातीला १० मिमी जास्तच ठेवा. दिसायला पातळ सीट छान, पण कोल्हापूर ते गगनबावडा जाऊन आलात की फोमची किंमत कळते. रेक्झिन सीट कव्हरवाल्याकडून शिवून घ्या, शिवण पाणी साचेल अशा खोलगट भागात येऊ देऊ नका.

हेडलाइटच्या पट्ट्या, बॅटरीचा डबा, नंबर प्लेटची पट्टी यांची पद्धत एकच. आधी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा नमुना कापून गाडीवर लावून बघायचा, मग ३ मिमी पट्टीवर उतरवायचा. आतल्या कोपऱ्यात सरळ काप घेऊ नका. आधी तिथे छोटं भोक पाडा आणि काप त्या भोकापर्यंत आणा. टोकदार कोपऱ्यातूनच थरथरीने तडा जातो. हेडलाइट आणि मडगार्डला रबरी बुश, सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले लोखंडी नट.

वायरिंग

मूळ वायरिंग फेकून नवं करायची घाई नको. होंडा पद्धतीत हिरवी वायर अर्थ, लाल थेट बॅटरीची, काळी चावी चालू केल्यावरची, निळी हाय बीम, पांढरी लो बीम, तपकिरी मागच्या दिव्याची. एवढं पाठ झालं की अर्धी भीती जाते.

जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. म्हणून बाजारातला एलईडी लावला की तो मिचमिचतो किंवा जळतो. एसीवर चालणारा घ्या, नाहीतर मूळ ३५ वॅटचाच बल्ब ठेवा. इंडिकेटर एलईडी केलेत तर फ्लॅशरही एलईडीचा लागतो. जोड पिळून काळी टेप गुंडाळायची नाही. क्रिंप करा (धातूची टोपी दाबून बसवा), वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायर आणि केबल ताणत नाहीत ना, बघा. नवं रुंद हँडल लावल्यावर क्लच आणि ब्रेकची केबल आखूड पडते, हे नेहमीचं.

एअर फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा फिल्टर लावू नका. हवा जास्त होऊन पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, कार्बोरेटरचे जेट बदलत बसावं लागतं, आणि पावसाळ्यात पाणी ओढतं ते वेगळंच. सायलेन्सर मूळच ठेवा. शेजाऱ्यांनी रविवारी गेटजवळ येऊन "कुठवर आली गाडी?" असं आपुलकीने विचारावं, यात मला रस आहे.

कच्ची गाडी चालवा

आता गाडी गंजकी, वेल्डिंगचे डाग पडलेली, खडूच्या खुणांची असेल. तशीच चालवा. पहिले दहा किलोमीटर गल्लीत, मग पन्नास, मग तीनशे होईपर्यंत रोज. प्रत्येक फेरीनंतर सगळे बोल्ट. आवळलेल्या बोल्टवर नटपासून पट्टीपर्यंत पेंटची बारीक रेघ ओढून ठेवा, रेघ तुटली म्हणजे नट फिरला. चेनचा ढिलेपणा गाडीवर माणूस बसवून तपासा.

हाताने केलेल्या प्रत्येक टाक्याला घासलेट लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट खडूवर रेघ होऊन उमटतं. उद्यमनगरातले जुने लोक असंच तपासतात.

या तीनशे किलोमीटरमध्ये तुमच्या यादीत पंधरा-वीस गोष्टी जमतील: फूटरेस्ट मागे हवा, आरशात खांदाच दिसतो, सीट पुढे सरकते. सगळ्या आत्ताच दुरुस्त करा, कारण अजून रंग नाही.

मग गाडी पुन्हा पूर्ण उघडा. पिशव्या आणि चिठ्ठ्या तयारच आहेत, या वेळी दोन दिवस पुरतात. चासी पावडर कोटिंगला देणार असाल तर कोनसेटच्या वाट्या, बुश, रबर सगळं काढून द्या, भट्टी १८० ते २०० अंशांची असते. त्याखाली साधी लांबी (पुट्टी) भरू नका, ती उष्णतेत टिकत नाही. आटे आणि अर्थिंगची जागा झाकून घ्या. चासी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावायला सांगा आणि परत आणताना दुकानातच तो वाचून बघा. नंतर तिथे ब्रशने एक पातळ हात पुरे. टाकीचा रंग आणि वरचा क्लिअर कोट झाल्यावर आठवडाभर तरी तिच्यात पेट्रोल घालू नका. तोंडाशी ओघळलेला एक थेंब कच्च्या क्लिअरला कायमची सुरकुती पाडतो.